२०० चा प्लॅन आणि ९४ वर अडलेला काटा : कोथरूडमधील फायबर सेवेचा दीड वर्षाचा अनुभव

कोथरूडमध्ये डहाणूकर कॉलनीच्या अलीकडे आमची जुनी चार मजली इमारत आहे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरी गेले दीड वर्ष एका स्थानिक फायबर कंपनीचे इंटरनेट आहे. कंपनीचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. पुण्यात पावतीवर एक नाव असते, दारात येणारा माणूस दुसऱ्याच फ्रँचायझीचा असतो आणि त्याच नावाची सेवा बावधनला उत्तम व कर्वेनगरला रडतखडत चाललेली असते. त्यामुळे नावापेक्षा बिघाड कसा झाला, तो कोणी शोधला आणि कोणी लांबणीवर टाकला, हे सांगणे वाचणाऱ्याच्या अधिक उपयोगाचे ठरेल. मी घरून तीन-चार छोट्या व्यावसायिकांचे हिशेब पाहते, म्हणजे महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरताना नेट गेले तर माझी अडचण केवळ मालिका अडकण्यापुरती राहत नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

पहिले वर्ष १०० एमबीपीएसच्या योजनेवर तक्रारीविना गेले. महिना ६९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८२५ रुपये, सहा महिन्यांचे एकदम आगाऊ. मार्चमध्ये नूतनीकरणाला आलेल्या मुलाने २०० एमबीपीएसची योजना सुचवली, ज्यात करासह दरमहा २३६ रुपये जास्त जाणार होते. मुलाचे कॉलेजचे वर्ग, माझे काम आणि सासऱ्यांचे संध्याकाळचे कीर्तन, असे तिघांचे एकाच वेळी चालू असते, म्हणून मी होकार दिला. घरातला राउटरचा डबा तोच राहिला. बदल कार्यालयातूनच होतो, असे सांगण्यात आले. ते खरेही होते, पण अर्धेच.

जूनमध्ये पावसाबरोबर त्रास सुरू झाला. रोज रात्री साडेआठच्या सुमारास नेट संथ होई, आणि वाऱ्यासह सर आली की डब्यावरचा लाल दिवा लुकलुकून सगळेच बंद पडे. मी या दोन्ही गोष्टी एकच बिघाड समजत होते, आणि माझा जवळजवळ महिना या एका समजुतीत वाया गेला. प्रत्यक्षात बिघाड तीन होते, तीन वेगळ्या ठिकाणी होते आणि त्यांपैकी एक बिघाड नव्हताच, तो मार्चमध्ये मला विकलेला होता.

आधी ग्राहक सेवा केंद्राविषयी. फोन लवकर उचलला जातो, बोलणे अदबीचे असते, मराठीतही असते. मात्र तक्रार कोणतीही असो, पहिला उपाय राउटर बंद करून चालू करण्याचा असतो. याला माझी हरकत नाही, कारण अडकलेले यंत्र त्याने खरोखर सुटते. हरकत १८ जूनच्या संध्याकाळची आहे. त्या दिवशी मला डब्यामागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरायला सांगितले गेले. मी ते निमूटपणे केले. ते छिद्र रीस्टार्टचे नसून फॅक्टरी रीसेटचे असते, आणि ते दाबल्यावर डब्यात भरलेले कंपनीचे वापरकर्ता नाव व संकेतशब्द पुसले जातात. त्यांच्याशिवाय लाइन चांगली असूनही जोडणी होत नाही. ती माहिती पुन्हा भरायला माणूस २० तारखेला दुपारी आला. तोवर मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विवरणपत्रे भरली आणि तोंडातून जे शब्द बाहेर पडले ते येथे लिहीत नाही. ज्यांच्याकडे अशी जोडणी आहे, त्यांनी हे वापरकर्ता नाव आणि संकेतशब्द आजच मागून घेऊन वहीत लिहून ठेवावेत. कंपनी खळखळ करते, पण देते.

त्या दोन दिवसांनी एक मात्र झाले, मी हा डबा काय करतो ते समजून घ्यायचे ठरवले. आपण ज्याला सरसकट राउटर म्हणतो त्यात दोन यंत्रे एकत्र असतात. एक ओएनटी, म्हणजे काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे, आणि दुसरा खरा राउटर, जो ती जोडणी घरातल्या फोन-लॅपटॉपांत वाटतो. पुढच्या दिव्यांवरून कोणता भाग रुसला आहे ते कळते. पॉन असे लिहिलेला हिरवा दिवा स्थिर असेल तर कार्यालयाशी गाठ पडली आहे. तो लुकलुकत असेल तर डबा अजून ओळख पटवण्याच्या खटपटीत आहे. एलओएसचा लाल दिवा लागला तर प्रकाशच पोहोचत नाही. आमच्याकडे येणारी मंडळी त्याला ‘लॉस लाइट’ म्हणतात, आणि तो लागलेला असताना घरात कितीही वेळा बटणे दाबली तरी उपयोग शून्य असतो, कारण बिघाड भिंतीच्या पलीकडे असतो.

संथपणाचे कोडे मी लॅपटॉपवर सोडवले. पिंग नावाची आज्ञा सर्वांच्या संगणकात असते. तिने एखाद्या पत्त्याला हाक मारून ओ यायला किती वेळ लागला ते मिलिसेकंदांत कळते. मी प्रथम डब्यालाच, म्हणजे १९२.१६८.१.१ या घरातल्या पत्त्याला हाक मारली. रात्री नऊ वाजता आतल्या खोलीतून वायफायवर उत्तर कधी ३ मिलिसेकंदांत येई, कधी ६०० मध्ये, आणि मधूनच येतच नसे. मग लॅपटॉप बाहेर आणून तारेने डब्याला जोडला, तेव्हा तेच उत्तर दर वेळी एका मिलिसेकंदाच्या आत आले, आणि ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याचेही उत्तर ५-६ मिलिसेकंदांत आले. याचा अर्थ कंपनीची लाइन त्या क्षणी ठणठणीत होती आणि दुखणे माझ्याच घरात, डबा आणि आतली खोली यांच्यामधल्या हवेत होते. ज्या कंपनीला मी तीन आठवडे फोनवरून सुनावत होते, तिचा या एका बाबतीत काडीचा दोष नव्हता. म्हणजे अगदीच काडीचाही नव्हता असे नाही, कारण तो डबा दाराच्या वर, लोखंडी कपाटाच्या मागे, केबल जिथून आत आली तिथेच खिळ्याला टांगणारा माणूस त्यांचाच होता.

फुकट मिळालेला हा डबा फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारा होता. भारतात या पट्ट्यात १३ चॅनेल असले तरी ते एकमेकांवर चढलेले असतात आणि १, ६ व ११ एवढेच तीन एकमेकांना न भिडता चालू शकतात. फोनवरच्या एका साध्या ॲपने पाहिले तर आमच्या आतल्या खोलीत शेजारपाजारची २७ वायफाय नावे दिसत होती. रात्री साडेआठला सगळी इमारत घरी परतते, सगळे पडदे एकदम उजळतात, आणि तीन वाटांवर २७ घरांची वर्दळ सुरू होते. एकाचे बोलणे संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचे, ही वायफायची रीतच असल्यामुळे सगळेच रखडतात. त्यात स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास काम करतो. सासऱ्यांचे दूध गरम होत असताना कीर्तनकार मधेच अवाक का होतात, याचा उलगडा मला असा झाला.

उपाय म्हणून बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जाऊन टीपी-लिंकचा आर्चर सी-६ आणला, अडीच हजारांच्या आत. तो २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ या दोन्ही पट्ट्यांवर चालतो. खोक्यावर ३०० आणि ८६७ एमबीपीएस असे आकडे असतात, जे कागदावरचे कमाल आकडे आहेत आणि घरात त्यांच्या निम्मे मिळाले तरी चांगले म्हणायचे. पाचच्या पट्ट्यात चॅनेल भरपूर आणि गर्दी कमी, पण भिंत ओलांडताना तो लवकर दमतो. आमच्या जुन्या इमारतीच्या नऊ इंची विटांच्या भिंती त्याला दोनपर्यंत झेपतात. म्हणून मी तो दाराजवळ न ठेवता तार ओढून घराच्या मध्यावर, पुस्तकांच्या कपाटाच्या माथ्यावर ठेवला. तो ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम जुन्याच डब्याकडे राहिले आणि दोन राउटरांत भांडण झाले नाही. त्या रात्रीपासून साडेआठची रखडपट्टी संपली. या खरेदीबद्दल माझे मत पूर्ण अनुकूल आहे. तक्रार एवढीच की त्याचे दिवे रात्री फार डोळ्यांवर येतात, पण ते बंद करण्याची सोय त्यातच आहे.

तरीही पाऊस आला की लाल दिवा होताच. तिसऱ्या तक्रारीनंतर, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, एक लाइनमन आले, आणि या सेवेला मी जे काही गुण देणार आहे त्यांतले बहुतेक त्यांचे आहेत. त्यांनी आल्या आल्या राउटर बंद-चालू केला नाही. डब्यात शिरलेले केबलचे हिरवे टोक काढून ते प्रकाश मोजणाऱ्या पॉवर मीटरला लावले आणि म्हणाले, “ताई, पॉवर डाऊन आहे. उणे २८ येतेय. हा डबा आतापर्यंत चालला कसा, तेच नवल आहे.” मी त्यांना बसायला सांगून चहा टाकला आणि दादा, हे उणे २८ म्हणजे काय, ते नीट सांगा, असा आग्रह धरला.

त्यांनी सांगितले आणि नंतर मी वाचून पडताळले, ते असे. कार्यालयातून निघालेला प्रकाश वाटेत स्प्लिटर नावाच्या निर्जीव तुकड्याने वाटला जातो, आमच्याकडे ३२ घरांत. प्रत्येक वेळी प्रकाश निम्मा झाला की ३ डेसिबल जातात आणि ३२ वाटण्यांसाठी तो पाचदा निम्मा होतो, त्यामुळे तुकड्यातली गळती धरून साधारण १७ डेसिबल तिथेच खर्च होतात, उरलेले केबलच्या लांबीत आणि जोडांत. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचे माप, आणि उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. घरी पोहोचेपर्यंत उणे १८ ते उणे २२ डीबीएम राहिले तर ते निरोगी समजायचे. फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत घरच्या यंत्राची हमीची मर्यादा उणे २७ असते. आमचे मोजमाप उणे २८.१ होते, म्हणजे डबा मर्यादेपलीकडे कसाबसा तग धरून होता आणि वाऱ्याने केबल जराशी हलली की त्याचा धीर सुटत होता. उन्हात सुरळीत आणि पावसात बंद, या लहरीपणामागे एवढे साधे कारण होते. ज्यांना हे घरबसल्या पाहायचे असेल त्यांना बहुतेक डब्यांच्या माहिती-पानावर ‘आरएक्स पॉवर’ या नावाने हा आकडा सापडतो. हिरवे टोक काढून त्यात डोकावण्याचा मोह मात्र कोणी करू नये. घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा लेसर असतो, तो दिसत नाही आणि म्हणूनच डोळ्याला घातक ठरू शकतो.

दादा गच्चीवर गेले. मे महिन्यात टाकीचे वॉटरप्रूफिंग करून गेलेल्या कारागिरांनी आमची काळी केबल कठड्यावरून वळवून, बाइंडिंगच्या तारेने नळाला करकचून आवळून टाकली होती. काचेच्या तंतूला हळुवार वळण चालते. काटकोनात मोडल्यासारखा वाकवला की प्रकाश वळणावर आतून परतण्याऐवजी बाहेर गळतो. त्यांनी तार कापली, केबलला पसरट वेटोळे दिले, खाली येऊन पुन्हा मोजले. उणे २३.७. एवढ्यावर दुसरा कोणी निघून गेला असता आणि मीही समाधानाने दार लावले असते. ते मात्र म्हणाले की अजून तीन डेसिबल कुठेतरी अडकलेत, आणि कोपऱ्यावरच्या खांबाला शिडी लावून जोडपेटी उघडायला गेले. उघडायला तिला झाकणच नव्हते. आत पाणी होते आणि आमचा जोड काळवंडला होता. त्यांनी तो कापून स्प्लाइसिंग मशिनवर नव्याने जोडला, पेटी कोरडी केली आणि झाकणाच्या जागी दुधाच्या पिशव्या दोन पदरी करून सुतळीने बांधल्या. शेवटचे मोजमाप उणे २०.३ आले. सकाळपेक्षा सहापट प्रकाश आमच्या घरात येत होता. जाताना त्यांनी तो आकडा आणि तारीख डब्यावर पेनाने लिहून ठेवली, म्हणजे पुढच्या वेळी येणाऱ्याला तुलना करता येईल. या कंपनीत याहून शहाणे काम मी पाहिलेले नाही.

आता ९४ ची गोष्ट, जी सर्वांत संतापजनक आहे. लाइन सुधारली, वायफाय सुधारले, तरी वेगाची चाचणी कधीही केली, पहाटे, दुपारी, तारेवर, कशीही, आकडा ९४ च्या वर सरकेना. गर्दीने आलेला संथपणा कधी ४०, कधी ७० असा हेलकावे खातो. एकाच आकड्यावर खिळलेला काटा काही वेगळेच सांगत असतो. लॅपटॉपमधील जोडणीच्या माहितीत पाहिले तर तारेच्या दुव्याचा वेग १०० एमबीपीएस दिसत होता. डब्याची तारेची खाचच मुळी जुन्या १०० च्या पिढीची होती, गिगाबिटची, म्हणजे १,००० एमबीपीएसची, नव्हती. अशा खाचेतून जाणाऱ्या दर १५३८ बाइटांत कामाचे बाइट १४६० च असतात, बाकीचे पत्ता, आवरण आणि मधली मोकळी जागा. म्हणून १०० च्या खाचेतून उत्तम परिस्थितीतही ९४-९५ च्या वर काही निघत नाही. केबलमधील आठपैकी एखादी तार तुटली तरी गिगाबिटची जोडणी १०० वर घसरू शकते आणि काटा असाच अडू शकतो, म्हणून आधी केबल बदलून पाहिली. काटा हलला नाही. कार्यालयातून लाइन २०० ची झाली होती, हे खरे. पण ते २०० घरात शिरण्याची वाट डब्यातच ९४ वर आवळलेली होती, कपाटामागच्या त्याच्या २.४ च्या वायफायवर तर त्याच्याही निम्म्यावर, आणि मी मार्चपासून दरमहा २३६ रुपये त्या न पोहोचणाऱ्या वेगासाठी भरत होते. सहा महिन्यांचे १,४१६ रुपये झाले.

फोनवर मला प्रथम सांगितले गेले की वेग ‘अपटू’ असतो. दुसऱ्यांदा सांगितले गेले की गिगाबिटचा, दोन्ही पट्ट्यांचा डबा मिळेल, पण १,५०० रुपये अनामत लागेल. तेव्हा मी फोन सोडून लेखी मार्ग धरला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीला क्रमांक द्यावाच लागतो, आणि निराकरण पटले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क दाद मागता येते. प्राधिकरण स्वतः एकेकट्या ग्राहकाचे भांडण हाती घेते, हा गैरसमज पुष्कळांचा असतो; ते घेत नाही. मी ई-मेलमध्ये तीन गोष्टी जोडल्या : योजनेची पावती, ९४ च्या सहा चाचण्यांची तारीखवार चित्रे आणि लॅपटॉपवर दिसणाऱ्या १०० च्या दुव्याचे चित्र. ‘नेट स्लो आहे’ हे दोन महिन्यांत पाच वेळा सांगून जे झाले नाही, ते या एका पत्राने ११ दिवसांत झाले. नवा डबा अनामतीशिवाय आला. तारेवर आता १९० च्या आसपास मिळते. मागचे १,४१६ रुपये मात्र परत आले नाहीत; त्यांच्या बदल्यात पुढच्या बिलात एक महिना माफ करण्याचे आश्वासन आहे, जे मी पावती हाती आल्यावरच खरे धरीन.

बाकीच्या बाबी थोडक्यात. एका रविवारी व्हॉट्सॲप चालत होते आणि संकेतस्थळे उघडत नव्हती, ८.८.८.८ ला पिंग जात होते, म्हणजे लाइन होती आणि फक्त नावांचे पत्ते शोधून देणारी कंपनीची डीएनएस सेवा झोपली होती. राउटरमध्ये १.१.१.१ आणि ८.८.८.८ हे डीएनएस पत्ते घातल्यावर पाच मिनिटांत सुटले आणि ते मी तसेच ठेवले आहे. घरातल्या कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरवर बाहेरून थेट येता येत नाही, कारण कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. राउटरच्या पानावर आपला बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुमचेही तसेच आहे, आणि स्वतंत्र पत्त्याचे पैसे वेगळे पडतात. गुरुवारी महावितरण देखभालीसाठी वीज बंद ठेवते तेव्हा मात्र या लाइनचे कौतुक करावेसे वाटते. पूर्वी केबलवाल्याचा नेट वाटणारा, विजेवर चालणारा स्विच जिन्यात असे आणि इमारतीची वीज गेली की इन्व्हर्टर असूनही नेट जाई. आता कार्यालय ते घर यांच्या दरम्यान विजेवर चालणारे काहीच नसल्याने डबा आणि राउटर एका छोट्या १२ व्होल्टच्या यूपीएसवर ठेवले की तीन तास निभावतात. यूपीएस घेताना दोन्ही यंत्रांच्या ॲडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाचून घ्यावेत, कारण काही डबे ९ व्होल्टचे असतात.

पाचपैकी साडेतीन गुण देते आहे. लाइनला आणि लाइनमनला पूर्ण, फोनवरच्या केंद्राला अर्धा, आणि मार्चमध्ये डबा न पाहता योजना विकणाऱ्याला काहीच नाही. नवी जोडणी घेणाऱ्याने वेग विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात असे मला वाटते : डब्याची तारेची खाच गिगाबिटची आहे का, वायफाय दोन्ही पट्ट्यांचे आहे का, आणि जोडणी झाल्यावर प्रकाशाचे मोजमाप लिहून देणार का. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस गोंधळला तर पुढचा अंदाज येतोच.

या महिन्यात सहामाही नूतनीकरण आहे आणि मी २०० चीच योजना चालू ठेवणार आहे. पैसे देण्यापूर्वी खांबावरच्या जोडपेटीला झाकण बसवून द्यावे, एवढी अट मी कळवली आहे. काल संध्याकाळी भाजी आणायला खाली उतरले तेव्हा वर पाहिले. दुधाच्या पिशव्या अजून तिथेच आहेत, सुतळी थोडी सैल झाली आहे. मोजमाप आज सकाळी उणे २०.९ होते.